वाचकांचे प्रश्न : उणे ८० अंशांची थंडी आणि बंद यंत्राचा दाब

गेल्या अंकात अतिशीत पेट्यांच्या दुरुस्तीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली पत्रे वाचताना जाणवले, की फ्रीजचे काम हाताला बसलेली माणसेसुद्धा उणे ८० चा विषय निघाला की अडखळतात. त्यांचे ज्ञान कमी नाही. इथे नियमच थोडे वेगळे आहेत आणि ते कुणी नीट सांगितलेले नसतात. म्हणून हे सदर सबंध याच एका विषयाला दिले आहे. नमुने ठेवायच्या पेट्या दुरुस्त करण्यात आणि पुढे स्वतः बांधण्यात माझी बरीच वर्षे गेली. इथे लिहिते आहे ते त्या कामातून हाती लागलेले. दाबाचे सगळे आकडे निरपेक्ष आहेत, म्हणजे गेजवर शून्य दिसते तिथे इथे १ बार धरला आहे.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेला ३० लिटरचा छोटा कप्पा उणे ८० अंशांवर हवा आहे. जुन्या फ्रीजचा आर-१३४ए वर चालणारा चांगला कॉम्प्रेसर पडून आहे. तोच कप्प्याला जोडून कमी गॅस भरला आणि सक्शन व्हॅक्यूममध्ये नेले, तर तापमान खाली जाणार नाही का? नाहीतर दुसरा कोणता गॅस भरावा?

उत्तर : जाईल, पण हवे तितके नाही, आणि गेले तरी तिथे टिकणार नाही. आर-१३४ए वातावरणाच्या दाबाला उणे २६ अंशांवर उकळतो. उणे ६० ला त्याचा दाब जेमतेम ०.१६ बार उरतो. इतका विरळ वायू ओढून कॉम्प्रेसरच्या हाती काही लागत नाही. प्रत्येक फेरीला सिलिंडर जवळपास रिकामाच भरतो आणि पिस्टनच्या वर शिल्लक राहिलेला वायूच पुन्हा फुगून जागा अडवतो. शिवाय सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरची वायू ओढण्याची बाजू, व्हॅक्यूममध्ये असली, की बारीकशा गळतीतून बाहेरची हवा आणि तिच्यासोबत बाष्प आत येते.

प्रोपेन, म्हणजे आर-२९०, घेतला तर थोडी बरी स्थिती होते. तो उणे ४२ ला उकळतो. पण उणे ६० ला त्याचा दाब ०.४ बारच्या आसपास येतो आणि ४० अंशांना तो घट्ट करायला, म्हणजे त्याचा द्रव करायला, १३ ते १४ बार लागतात. म्हणजे एका दमात बत्तीस-तेहतीस पटीने दाबायचे. छोटा कॉम्प्रेसर दहा-बारा पटीपर्यंत नेटाने काम करतो. त्यापुढे तेल करपते आणि व्हॉल्व्हची पाती काळी पडतात. एका टप्प्याची मर्यादा मी उणे ४० धरते. प्रोपिलीनवर, म्हणजे आर-१२७० वर, फार तर उणे ४५.

मग 'आणखी खाली उकळणारा गॅस घेऊ' असे कुणालाही वाटते. इथेच खरी मेख आहे. इथेन, आर-१७०, उणे ८९ ला उकळतो. आपल्याला हवा तसाच. पण त्याचे क्रांतिक तापमान ३२ अंश आहे. त्या तापमानाच्या वर कितीही दाब दिला तरी त्याचा द्रव होत नाही. गरम खोलीतल्या कंडेन्सरमध्ये इथेन घट्ट व्हायला तयारच नसतो. इथिलीन, आर-११५०, उणे १०४ ला उकळतो, पण त्याचे क्रांतिक तापमान अवघे ९ अंश. म्हणून गॅस निवडताना तक्त्यात दोन रकाने एकत्र पाहायचे : उकळतो कुठे आणि घट्ट होण्यासाठी किती गार भिंत मागतो. पहिल्याच रकान्यावर भाळून घेतलेला गॅस कपाटात पडून राहतो.

ती गार भिंत दुसऱ्या यंत्राने करून द्यायची, यालाच कास्केड म्हणतात. कल्पना जुनी आहे. स्विस शास्त्रज्ञ राउल पिक्ते यांनी १८७७ मध्ये सल्फर डायऑक्साइडने कार्बन डायऑक्साइड गार केला, त्याने ऑक्सिजन गार केला आणि ऑक्सिजनचा द्रव केला. आपल्याला दोनच पायऱ्या पुरतात. वरचा टप्पा प्रोपेनचा : तो खोलीत उष्णता सोडतो आणि उणे ३५ ची भिंत करतो. खालचा टप्पा इथेनचा : तो त्या भिंतीवर उणे ३० च्या सुमाराला घट्ट होतो आणि कप्प्यात उणे ८५ ला उकळतो. कारखान्यात बनणाऱ्या नव्या उणे ८० च्या पेट्यांमध्येही हीच जोडी सर्रास दिसते.

आता या जोडीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. इथेनचा दाब उणे ८५ ला सुमारे १.२ बार असतो आणि उणे ३० ला साडेदहा बार. प्रोपेनचा दाब पाहा : उणे ३८ ला १.२ बार आणि ३० अंशांना पावणेअकरा. म्हणजे खालच्या टप्प्यातला कॉम्प्रेसर इथेनवर चालताना त्याला जे दाब सोसावे लागतात, ते प्रोपेनच्या साध्या डीप फ्रीझरसारखेच. म्हणून खालच्या टप्प्यासाठी वेगळा, दुर्मीळ कॉम्प्रेसर शोधत बसू नका. आर-२९० साठी बनवलेला लो बॅक प्रेशरचा, म्हणजे फ्रीझरचा, कॉम्प्रेसर घ्या.

तुमचा आर-१३४ए चा कॉम्प्रेसर मात्र दोन्ही टप्प्यांतून बाजूला ठेवा. पाटीवर लिहिलेले गॅसचे नाव हे त्या मोटारीच्या ताकदीचे माप असते. तेवढ्याच सिलिंडरमधून प्रोपेन किंवा इथेन ओढला तर दर फेरीला जास्त काम पडते. मोटार तापते आणि ओव्हरलोड, म्हणजे तापल्यावर वीज तोडणारा स्विच, पडतो. आर-६००ए चे कॉम्प्रेसर तर याहून हलके. सिलिंडर मोठा दिसतो म्हणून फसू नका, मोटार लहान असते.

प्रश्न : ताई, कॉम्प्रेसर किती सीसीचा घ्यायचा हे प्रत्येक जण वेगळे सांगतो. कुणी म्हणतो दोन्ही सारखे घ्या, कुणी म्हणतो खालचा मोठा. हिशोब कसा करायचा?

उत्तर : हिशोब कप्प्यापासून सुरू करायचा, कॉम्प्रेसरपासून नव्हे. वरच्या प्रश्नातलाच ३० लिटरचा कप्पा घेऊ. आतून ३१ सेंटिमीटरचा घन आणि चहूबाजूंनी १० सेंटिमीटर पॉलियुरेथेन फोम. आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांची भूमितीय सरासरी, म्हणजे दोघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, साधारण ०.९५ चौरस मीटर येते. खोली ३० अंश, आत उणे ८०, म्हणजे फरक ११०. फोमची उष्णतावाहकता ०.०२४ धरली तर भिंतींतून आत येणारी उष्णता २५ वॅट. दाराची रबरी पट्टी, आत जाणाऱ्या तारा, नळ्या, फोमचे सांधे यांना मी नेहमी तेवढीच आणखी धरते. झाले ५० वॅट. नमुने ठेवल्यावर कप्पा परत खाली खेचायला जोर हवा, म्हणून ८० वॅट धरू.

इथेनचा एक ग्रॅम उणे ८५ ला उकळताना, आधी स्वतःला उणे ३० वरून गार करून, सुमारे ३४० जूल उचलतो. ८० वॅटसाठी सेकंदाला पाव ग्रॅमच्या जरा आत इथेन फिरायला हवा. तो कॉम्प्रेसरपाशी १.२ बारला आणि साधारण शून्य अंशाला पोचतो, तेव्हा सेकंदाला सुमारे १५० घनसेंटिमीटर जागा व्यापतो. सिलिंडर प्रत्यक्षात साठ टक्केच भरतो असे धरले तर २५० लागतात. मोटार सेकंदाला ४८ फेऱ्या मारते. भागाकार केला की ५ सीसीच्या किंचित वर येते. म्हणजे ५ ते ६ सीसी. हातात मावेल एवढा कॉम्प्रेसर.

वरच्या टप्प्याला मात्र कप्प्यातले ८० वॅटच नव्हे, खालच्या कॉम्प्रेसरने वायूत घातलेली उष्णताही उचलावी लागते. लहान यंत्रांत ती जवळपास कप्प्याच्या उष्णतेइतकीच असते. म्हणून उणे ३५ ला किमान १५० वॅट, आणि मी २०० धरते. प्रोपेनवर त्यासाठी १० ते १२ सीसी लागतात. तेव्हा उत्तर असे : वरचा मोठा, जवळपास दुप्पट. 'खालचा मोठा' सांगणाऱ्याला कप्पा भराभर खाली हवा असतो, पण वरचा टप्पा मागे पडला की भिंत तापते, इथेन घट्ट होईनासा होतो आणि दाब चढत जातो.

एक छोटी गोष्ट वरच्या टप्प्याचा भार बराच हलका करते. खालच्या कॉम्प्रेसरमधून निघालेला इथेन चांगला पोळण्याइतका गरम असतो. त्याला थेट गार भिंतीवर नेऊ नका. आधी तांब्याच्या नळीची काही वेटोळी वरच्या टप्प्याच्या पंख्यासमोर ठेवा आणि त्यातून काढा. जी उष्णता खोलीची हवा फुकट न्यायला तयार आहे, ती प्रोपेनच्या माथी कशाला मारायची? तसेच कप्प्यातून परतणारी गार नळी आणि कप्प्याकडे जाणारी द्रवाची नळी एकमेकींना झाळून, वरून फोम गुंडाळून आणा. द्रव आणखी गार होतो आणि कॉम्प्रेसरला उणे ८० चा वायू प्यावा लागत नाही. तितका गार वायू आला तर शेलमधले, म्हणजे कॉम्प्रेसरच्या बंद डब्यातले, तेल घट्ट होते.

प्रश्न : कास्केड बांधले, पहिल्या दिवशी उणे ७८ गाठले. रात्री वीज गेली. सकाळी वरचा कॉम्प्रेसर सुरू झाला, खालचा मात्र नुसता गुरगुरतो आणि टक् करून बंद पडतो. रिले बदलला, ओव्हरलोड बदलला, तरी तेच. कॉम्प्रेसर गेला का?

उत्तर : बहुधा गेलेला नाही. पण असाच गुरगुरत ठेवलात तर जाईल. आधी त्याचा प्लग काढा आणि मगच पुढचे वाचा.

माझ्या पहिल्या कास्केडचे हेच झाले होते. तो आवाज अजून कानात आहे : सेकंदभर जड घुरघुर, मग टक्, मग शांतता, आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. मी गेज जोडला आणि सुई पाहून हात मागे घेतला. बारा बारच्या आसपास होती. यंत्र बंद, कप्पा खोलीइतका गरम, आणि सबंध नळीत एकसारखा बारा बार दाब. यंत्र बंद असताना आत काय होते, याचा विचार मी बांधताना केलाच नव्हता.

साध्या फ्रीजमध्ये यंत्र बंद पडले तरी गॅसचा काही भाग द्रव राहतो आणि दाब मर्यादेत राहतो. इथेनचे तसे नाही. खोलीच्या तापमानाला तो सगळाच्या सगळा वायू होतो आणि जागा मिळेल तेवढ्यात दाटी करून बसतो. हिशोब सोपा आहे. ६० ग्रॅम इथेन म्हणजे २ मोल. शेल, नळ्या, कॉइल मिळून मोकळी जागा ४ लिटर असेल, तर ३० अंशांना दाब १२ बारच्या घरात जातो. फ्रीजच्या कॉम्प्रेसरचे शेल सक्शनच्या बाजूला असते. इतका दाब कायम सोसण्यासाठी ते बनवलेले नसते आणि लहान मोटारीला त्याविरुद्ध पिस्टन हलवता येत नाही.

उपाय म्हणजे जागा वाढवणे. ६ लिटरची दाब सोसणारी टाकी जोडा. मग तेच २ मोल १० लिटरमध्ये पसरतात आणि दाब ५ बारवर येतो. तेवढ्या दाबाला मोटार निमूट फिरते. यंत्र चालू असताना टाकी सव्वा बारवर असते, तेव्हा तिच्यात आठ-नऊ ग्रॅमच अडकून राहतात, बाकी गॅस कामावर असतो. टाकी जोडण्याची मला पटलेली पद्धत अशी : डिस्चार्जकडून, म्हणजे कॉम्प्रेसरमधून दाबलेला वायू निघतो त्या बाजूकडून, दाबाचा व्हॉल्व्ह, जो ठरलेल्या दाबावर उघडून जादा वायू टाकीत सोडतो, आणि टाकीतून सक्शनकडे कॅपिलरी, म्हणजे अगदी बारीक छिद्राची नळी, जी तो हळूहळू परत देते. नुसती टाकी सक्शनला जोडूनही काम होते. फक्त पहिल्या तासाभरात कॉम्प्रेसरवर जास्त भार पडतो, तेव्हा मोटारीवर लक्ष ठेवा.

आणि टाकी जोडल्यावरही दोन गोष्टी हव्यातच. खालचा कॉम्प्रेसर वरच्याबरोबर सुरू होता कामा नये. भिंतीवर थर्मोस्टॅट बसवा आणि ती उणे ३० ला पोचली की मगच खालच्याला वीज द्या. आणि डिस्चार्जवर हाय प्रेशर कटआउट. भिंत गार नसताना इथेन दाबला तर तो घट्ट होत नाही, फक्त दाब वाढवत राहतो.

बांधायच्या आधी बंद यंत्राचा दाब कागदावर काढा. गॅस किती ग्रॅम भरायचा, कॉम्प्रेसर कोणता, टाकी केवढी, हे तिन्ही त्या एका आकड्यावरून ठरते. मी तो आकडा आता पहिल्याच पानावर लिहिते.

प्रश्न : कार्बन डायऑक्साइड स्वस्त, न पेटणारा आणि सहज मिळणारा आहे. खालच्या टप्प्यात तोच का नाही?

उत्तर : उणे ५० पर्यंत जरूर. त्याखाली नाही. उणे ५६.६ अंशांना, सव्वापाच बारच्या सुमाराला, त्याचा त्रिबिंदू आहे, म्हणजे घन, द्रव आणि वायू एकत्र राहू शकतात ती जागा. त्याखाली दाब गेला की द्रव राहतच नाही, कप्प्याच्या कॉइलमध्ये द्रव सोडणाऱ्या कॅपिलरीच्या तोंडाशी कोरड्या बर्फाचे बूच बसते.

प्रश्न : उणे ८० ऐवजी उणे १०० लागले तर इथिलीन घ्यावा का? आणि मग उणे ८० लाही तोच वापरला तर काय बिघडते?

उत्तर : उणे ९५ च्या खाली जायचे तर इथिलीन घ्यावा. पण उणे ८० साठी नको. उणे ३० ला इथेन साडेदहा बारवर घट्ट होतो, इथिलीनला १९ लागतात. डिस्चार्ज अधिक तापतो आणि भिंत जराशी गरम झाली तरी तो बिथरतो. इथेनने भागत असेल तिथे इथेनच. इथिलीन आणायचाच असेल तर वरचा टप्पा उणे ४० पर्यंत न्या, म्हणजे त्याचा दाब सतराच्या आसपास येईल. उणे १२० च्या पुढे आर-१४ लागतो, आणि त्याचे क्रांतिक तापमान उणे ४५ असल्याने तिसरा टप्पा आलाच. ते काम पहिल्या खेपेला कुणी हाती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्याकडच्या जुन्या पेटीत खालच्या टप्प्यात आर-५०८बी होता. तो गळला. आता मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. त्याजागी इथेन भरू का?

उत्तर : तापमानाच्या दृष्टीने दोघे शेजारी आहेत. आर-५०८बी उणे ८७-८८ ला उकळतो. तो मिळत नाही याचे कारणही समजून घ्या : आर-२३ आणि आर-११६ यांचे ते मिश्रण, आणि त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तेरा हजार पटींहून जास्त आहे. नुसता आर-२३ घेतला तर ती १४,८०० पट. मॉन्ट्रियल करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीनंतर असे गॅस जगभर टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत, आणि ते योग्यच आहे. म्हणून जुन्या यंत्रात उरलेला गॅस हवेत सोडू नका, सिलिंडरमध्ये परत काढून घ्या.

इथेन भरायचा तर वजन जसेच्या तसे धरू नका. आर-५०८बी चा मोल ९५ ग्रॅमचा, इथेनचा ३० चा. जिथे ३०० ग्रॅम होता तिथे ९५ ग्रॅमने सुरुवात होते. पेटीच्या पाटीवर जुना आकडा पाहून कुणी ३०० ग्रॅम इथेन भरला, तर बंद यंत्रातला दाब तिप्पट होतो. हे नुसते बिघाडाचे नव्हे, फुटण्याचे कारण आहे.

पण माझा खरा आक्षेप विजेचा आहे. ती पेटी न पेटणाऱ्या गॅससाठी बांधलेली आहे. तिचे रिले, थर्मोस्टॅट, दाराचा दिवा, आतल्या पंख्याची मोटार, सगळे ठिणगी टाकणारे असू शकते. आकडा पाहा : इथेन हवेत तीन टक्क्यांच्या आसपास झाला की पेट घेऊ शकतो. तीस लिटरच्या बंद कप्प्यात त्यासाठी सव्वा ग्रॅम पुरतो. म्हणून कप्प्याच्या आत एकही स्विच, एकही कार्बन ब्रशची मोटार राहता कामा नये. बाहेर रिलेच्या जागी पीटीसी, म्हणजे ठिणगी न टाकणारा स्टार्टर, आणि संपर्क बंदिस्त असलेले कंट्रोल हवेत. हे सगळे बदलणार असाल तर भरा. नुसता गॅस बदलणार असाल तर मी नाही म्हणते, पेटी कितीही महागाची असो.

प्रश्न : माझे कास्केड दोन दिवस उत्तम चालते. तिसऱ्या दिवशी कप्पा उणे ८० वरून सरकत उणे ६० वर येतो. बंद करून दुसऱ्या दिवशी लावले की पुन्हा दोन दिवस ठीक. गॅस कमी झाला असेल म्हणून मी थोडा वाढवला, पण फरक नाही.

उत्तर : गॅस वाढवू नका. गळती असती तर एक दिवस विश्रांती घेऊन यंत्र सुधारले नसते. कॅपिलरी अडते आहे. प्रश्न एवढाच, की पाण्याने अडते की तेलाने.

ओळखण्याची माझी रीत अशी. यंत्र बंद करा, कप्प्यातल्या कॅपिलरीच्या तोंडापाशी तापमापकाची तार बांधा, फोमचा तुकडा बाजूला करा आणि कान लावून बसा. नळीवरचा पांढरा थर आधी चमकतो, मग ओला होतो. कुठेतरी मध्येच आत 'फुस्स' असा सुटल्याचा आवाज येतो. तो आवाज शून्य अंशाच्या वर आला तर आतला बर्फ वितळला, म्हणजे पाणी. उणे ५०-४० च्या दरम्यानच आला तर तेल.

पाणी असेल तर सगळे उघडून ड्रायर, म्हणजे पाणी शोषणारी नळकांडी, बदला, नायट्रोजनने फुंका आणि व्हॅक्यूम मारा. पंप बंद केल्यावर मायक्रॉन गेजवर आकडा ५०० च्या आत अर्धा तास स्थिर राहिला पाहिजे. सुई असलेल्या साध्या गेजवर 'पूर्ण व्हॅक्यूम' दिसतो त्यावर विसंबू नका. उणे ८० ला पाण्याचा थेंबभर अंशही पुरतो.

तेल असेल तर दुखणे बांधणीतच आहे. कॉम्प्रेसरचे कोणतेही तेल उणे ८० ला स्वतःच्या बळावर वाहत नाही. गॅसमध्ये विरघळले असेल तरच त्याच्याबरोबर परत येते. हायड्रोकार्बन गॅसमध्ये मिनरल आणि अल्काइलबेन्झिन तेले चांगली विरघळतात, पण मिनरल तेलातले मेण थंडीत वेगळे होते. म्हणून खालच्या टप्प्यात मी अल्काइलबेन्झिन पसंत करते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तेल तिथवर जाऊच न देणे : डिस्चार्जवर, गार भिंतीच्या आधी, ऑइल सेपरेटर बसवा आणि त्याची परतीची नळी शेलमध्ये आणा. छोट्या यंत्रात लोक हा भाग वाचवायला पाहतात. वाचवू नये. तरीही थोडे तेल जाईलच. ते परत आणायला काही जण खालच्या टप्प्यात थोडासा पेन्टेन घालतात. तो उणे १३० च्या जवळपर्यंत गोठत नाही आणि द्रव राहून तेलाला धुऊन आणतो. कप्प्याच्या कॉइलमध्ये खोलगट वळण कुठे राहिले आहे का तेही पाहा. नळी वरून खाली, सलग उताराची हवी.

आणि एक वही ठेवा. पहिल्या दिवशी, गॅस भरून, यंत्र बंद आणि सगळे खोलीच्या तापमानाला आलेले असताना दाब किती आणि खोली किती अंश, हे लिहा. पुढे कधीही शंका आली की यंत्र पूर्ण गरम होऊ द्या आणि तोच दाब पुन्हा पाहा. तितकाच असेल तर गॅस तितकाच आहे. तुम्ही वाढवलेला गॅस आता काढून टाकावा लागेल आणि मूळ आकडा नसल्याने किती काढायचा तेही कळणार नाही. सगळा काढून, वजन करून नव्याने भरा.

प्रश्न : एकाच कॉम्प्रेसरवर, गॅसांचे मिश्रण भरून उणे ८० च्या खाली जाता येते असे ऐकले. मग दोन कॉम्प्रेसर कशाला?

उत्तर : जाता येते. त्याला ऑटोकास्केड म्हणतात. सोव्हिएत संशोधक क्लिमेंको यांनी १९५९ मध्ये ही एकाच प्रवाहाची कल्पना मांडली. मिश्रणातला जड गॅस आधी घट्ट होतो, सेपरेटरमध्ये वेगळा होतो, उकळतो आणि त्या थंडीने हलक्या गॅसला घट्ट करतो. फिरणारा कॉम्प्रेसर एकच. ते चालताना पाहणे हा खरोखर आनंद आहे. पहिला अर्धा तास काहीच घडत नाही आणि मग तापमान एका दमात कोसळू लागते.

पण मिश्रणाचे प्रमाण जमवायला आठवडे जातात. एक गॅस पाच ग्रॅमने चुकला तर वीस अंशांचा फरक पडतो. थोडी गळती झाली तर कोणता घटक किती गेला हे कळत नाही, सगळे काढून पुन्हा भरावे लागते. कॉम्प्रेसर मात्र इथे रोटरी घेतलेला मला चालतो. त्याचे शेल डिस्चार्जच्या दाबावर असते, आर-४१०ए साठी बनवलेले तर चाळीस बारच्या आसपास सोसते, त्यामुळे बंद यंत्राचा दाब शेलला झेपतो. मात्र त्याच्या मोटारीला गार सक्शन वायू मिळत नाही आणि फिरणारा गॅस कमी असला की ती तापते. शेलवर पंखा हवा आणि वरच्या टोकाला हात ठेवून पाहायची सवय हवी.

ज्याला नमुने सांभाळायचे आहेत त्याने दोन कॉम्प्रेसरचे कास्केड बांधावे. एक बिघडला तर कोणता ते ऐकूनच कळते.

प्रश्न : ताई, मी फ्रीज-एसीची दुरुस्ती करतो. प्रोपेन भरतो, भीती वाटत नाही. इथेनला वेगळी काळजी कोणती?

उत्तर : भीती वाटत नाही हे वाचून मला काळजी वाटली. इथेनची बाटली प्रोपेनसारखी नसते. खोलीत २० अंश असले तरी आत ३७-३८ बार असतात. प्रोपेनचे होजपाइप आणि गेज तिला लावू नका. रेग्युलेटरशिवाय बाटली उघडू नका. रेग्युलेटरमधून, वजनकाट्यावर ठेवून, वायुरूपातच भरा, दोन-दोन ग्रॅमने. साठ ग्रॅम इथेन खोलीत सुटला तर दीड-दोन घनमीटर हवा पेटण्याजोगी होते, म्हणजे तुमच्या कामाच्या टेबलाभोवतीची सगळी. म्हणून काम उघड्यावर किंवा पंख्याच्या झोतात.

गळती नायट्रोजनने तपासा, ऑक्सिजनने कधीच नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. दुरुस्तीसाठी नळी ब्लो टॉर्चने सोडवू नका. आधी गॅस काढा, नायट्रोजन फिरवा आणि नळी कटरनेच कापा, कारण तेलात विरघळलेला इथेन गरम होताच बाहेर येतो. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग अशाच एका सांध्याचा आहे. गेजवर शून्य होते, पण तेलाकडे मी पाहिले नव्हते. आता गॅस काढल्यावर शेलला खालून कोमट पाण्याचा कपडा गुंडाळते, वीस मिनिटे थांबते आणि पुन्हा व्हॅक्यूम लावते. दुसऱ्यांदा सुई हलली की आत अजून होता हे दिसते.